वार, ढाल की मंत्र? डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या लढाईत पर्याय कसा तोलायचा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, कागदावरच्या पात्रांनी खेळायचा साहसाचा खेळ. जुळे सोलापुरातल्या आमच्या टेबलावर नवीन खेळाडू आला की कॅरेक्टर, म्हणजे आपलं पात्र, बनवतानाच विचारतो, "सगळ्यात जास्त डॅमेज कशानं होतंय, तेच द्या की." मागणी समजण्यासारखी आहे. पण पहिल्या ते पाचव्या लेव्हलमधल्या लढाया डॅमेजच्या आकड्यावर क्वचितच ठरतात. शत्रूचे किती टर्न (पाळ्या) आपण हिरावून घेतले, यावर त्या ठरतात. मेलेल्या गोब्लिनला, म्हणजे छोट्या राक्षसाला, टर्न नसतो. जमिनीवर हसत लोळणाऱ्या धिप्पाड ओगरला तो असून उपयोग नसतो. ढालीवर आपटलेला वार म्हणजेही शत्रूचा फुकट गेलेला टर्नच. खालचं सगळं गणित या एकाच मापानं केलं आहे.

नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चे धरले आहेत, कारण आमच्याकडे बहुतेक टेबलं अजून त्यावरच चालतात. २०२४ मध्ये सुधारित नियम आले. जिथे फरक मोठा आहे तिथे तसं सांगतो. पुस्तक विकत घेतलं नसेल तरी अडत नाही. जानेवारी २०२३ पासून या आवृत्तीचे पायाभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. खाली येणारे गोब्लिन, ओगर आणि स्पेल (मंत्र) त्यात आहेत. एक फीट (पात्राला मिळणारं खास कौशल्य) तेवढी नाही, तिच्याबद्दल पुढे येईल.

आधी कागदावर चार आकडे

कॅरेक्टर शीटवर आकड्यांची गर्दी असते. लढाईत डोळ्यांसमोर हवेत फक्त चार: वाराचा बोनस (वाराच्या फाशात मिळवायचा आकडा), लागलेल्या वाराचं सरासरी डॅमेज, आपली एसी (वार लागायला शत्रूला फासा आणि बोनस मिळून गाठावा लागणारा आकडा) आणि उरलेले एचपी (अजून किती मार सोसता येईल तो आकडा). ते शीटच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं मोठे लिहा. त्याखाली तीन ओळी: ॲक्शनमध्ये (टर्नमधलं मुख्य काम) मी काय काय करू शकतो, बोनस ॲक्शनमध्ये (सोबतचं छोटं काम) काय, रिॲक्शनमध्ये (दुसऱ्याच्या कृतीला उत्तर) काय. बोनस ॲक्शनची ओळ रिकामी असेल तर रिकामीच ठेवा. तिथे काहीतरी असायलाच हवं असं नाही.

फाशाची सरासरी काढायला सोपी आहे: सर्वात मोठ्या आकड्यात एक मिळवा आणि निम्मं करा. डी६ (सहा बाजूंचा फासा) ची ३.५, डी८ ची ४.५, डी१० ची ५.५, डी१२ ची ६.५. ग्रेटसोर्डचे दोन डी६ म्हणजे ७.

उदाहरणासाठी एक फायटर, म्हणजे योद्धा, घेऊ. तिचं नाव तुंगा. लेव्हल १, स्ट्रेंग्थ (ताकद) १६, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, अंगात चेन मेल (कड्यांचं चिलखत). स्ट्रेंग्थचे ३ आणि प्रोफिशियन्सीचे (सरावाचे) २ मिळून वाराचा बोनस +५. एसी १६, ढाल घेतली तर १८. एचपी १२.

वार लागण्याची शक्यता

सूत्र एकच: २१ मध्ये आपला बोनस मिळवा, शत्रूची एसी वजा करा, उत्तराला २० नं भागा. गोब्लिनची एसी १५. तुंगासाठी २१ अधिक ५ उणे १५ म्हणजे ११. २० पैकी ११, म्हणजे ५५ टक्के. ओगरची एसी ११ असल्यामुळे त्याच्यावर तोच वार ७५ टक्के लागतो. फाशावर १ आला की वार चुकतोच आणि २० आला की लागतोच, त्यामुळे शक्यता ५ च्या खाली किंवा ९५ च्या वर जात नाही.

शत्रूची एसी डीएम (खेळ चालवणारा) सांगत नाही, सांगूही नये. पण ती लपूनही राहत नाही. टेबलावर मोठ्यानं बेरीज सांगायची सवय सगळ्यांनी लावून घ्या: "चौदा." "चुकला." "सोळा." "लागला." एवढ्यात कळलं की एसी १५ किंवा १६ आहे. आमच्याकडे रोग (चोरटा, चपळ पात्र) खेळणारी अक्का प्रत्येक प्राण्यापुढे असे दोन आकडे लिहून ठेवते, आणि दुसऱ्या राउंडपासून (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) सगळं टेबल तिच्या वहीवर चालतं.

ॲडव्हांटेज असेल, म्हणजे दोन डी२० (वीस बाजूंचे फासे) टाकून मोठा घ्यायचा असेल, तर ५५ टक्क्यांचे जवळजवळ ८० होतात. चुकण्याची शक्यता स्वतःनंच गुणायची (०.४५ गुणिले ०.४५) आणि १ मधून वजा करायची. डिसॲडव्हांटेजमध्ये (दोनांतला लहान घ्यायचा तेव्हा) लागण्याची शक्यता तशीच स्वतःनं गुणायची.

तीन शस्त्रं, एक गोब्लिन

आता तुंगाला तीन जोड्या देऊन पाहू. प्रत्येकीबरोबर तिला साजेशी फायटिंग स्टाइल (लढायची खास पद्धत).

पहिली, ग्रेटसोर्ड आणि ग्रेट वेपन फायटिंग. डॅमेजच्या फाशावर १ किंवा २ आला तर तो एकदा पुन्हा टाकता येतो, त्यामुळे दोन डी६ ची सरासरी ७ वरून ८.३३ होते. स्ट्रेंग्थ धरून ११.३३. दुसरी, लाँगसोर्ड, ढाल आणि ड्युएलिंग: ४.५ अधिक ३ अधिक २, म्हणजे ९.५. तिसरी, दोन हातांत दोन शॉर्टसोर्ड आणि टू-वेपन फायटिंग: प्रत्येक वार ६.५, पण दोन वार, आणि दुसऱ्यासाठी बोनस ॲक्शन खर्च.

एसी १५ वर, क्रिटिकलचे (फाशावर २० आला की मिळणारे) जादा फासे धरून, एका राउंडची अपेक्षित सरासरी ग्रेटसोर्डची ६.६५, ढालवाल्या लाँगसोर्डची ५.४५ आणि दोन शॉर्टसोर्डची ७.५ येते. इथे बहुतेक जण थांबतात आणि दोन तलवारी उचलतात.

थांबू नका. गोब्लिनला फक्त ७ एचपी असतात. ग्रेटसोर्डनं १५ डॅमेज केलं काय आणि ७ केलं काय, गोब्लिन तेवढाच मरतो. वरचे ८ कुणाच्याच खात्यात जमा होत नाहीत. म्हणून प्रश्न असा विचारायचा: या राउंडमध्ये तो गोब्लिन मरण्याची शक्यता किती?

ग्रेटसोर्डचा वार लागला की गोब्लिन जवळपास नक्की मेला, म्हणजे सुमारे ५४ टक्के. लाँगसोर्डला डी८ वर २ किंवा जास्त हवा. १ आला तरच गोब्लिन वाचतो, म्हणजे सुमारे ४९ टक्के. शॉर्टसोर्डच्या एका वाराला डी६ वर ४ किंवा जास्त हवा, ते निम्म्या वेळाच येतं, पण दोन्ही वार लागले तर गोब्लिन हमखास जातो. हिशेब केला तर सुमारे ५७ टक्के. सरासरी डॅमेजमध्ये ढालवाली लाँगसोर्ड आणि दोन शॉर्टसोर्ड यांत दोनचा फरक दिसत होता, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. मारण्याच्या शक्यतेत तो ४९ विरुद्ध ५७, म्हणजे सहाव्या हिश्श्याएवढाच उरला. दोन तलवारींचा एक फायदा मात्र खरा आहे: पहिल्याच वारात गोब्लिन पडला तर दुसरा वार शेजारच्यावर करता येतो.

समोर ५९ एचपीचा ओगर असेल तर चित्र उलटतं. तिथे एकही अंक वाया जात नाही आणि सरासरी डॅमेजच खरं माप ठरतं. म्हणून शस्त्र निवडण्याआधी डीएमला मोकळेपणी विचारा की मोहिमेत झुंडी जास्त असतील की एकटेदुकटे मोठे प्राणी. चांगला डीएम आकडे देत नाही, पण अंदाज देतो.

पाचव्या लेव्हलला आणखी एक बदल होतो. फायटरला एका ॲक्शनमध्ये दोन वार मिळतात. स्ट्रेंग्थ १८ झाली असेल तर बोनस +७ होतो. एसी १५ वर मग ग्रेटसोर्ड १६.९, दोन शॉर्टसोर्ड १५.२ आणि लाँगसोर्ड १४.१. सुरुवातीला पुढे असलेल्या दोन तलवारी मागे पडल्या, कारण एकाचे दोन झाले तेव्हा ग्रेटसोर्डचं काम दुप्पट झालं आणि शॉर्टसोर्डचे वार दोनाचे तीनच झाले. मोहीम लांब चालणार असेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

ढालीचा खरा भाव

ढाल म्हणजे एसीमध्ये दोन. ऐकायला किरकोळ. आता चार गोब्लिननी तुंगाला घेरलं असं धरा. गोब्लिनचा बोनस +४, डॅमेज एक डी६ अधिक २. एसी १६ वर त्याचा वार ४५ टक्के लागतो, १८ वर ३५ टक्के. चौघांचं मिळून एका राउंडचं अपेक्षित डॅमेज ढालीशिवाय १०.६, ढालीसकट ८.४. तुंगाचे एचपी १२. ढालीशिवाय ती पहिल्या राउंडनंतर एक-दीड एचपीवर उभी असते, ढालीसकट साडेतीनच्या वर. तेवढ्यानं अनेकदा एक जादा टर्न मिळतो, आणि पहिल्या लेव्हलला एक जादा टर्न ही मोठी कमाई आहे.

एसी जितकी वर, तितका पुढचा प्रत्येक अंक जास्त मोलाचा. ४५ वरून ३५ वर येणं म्हणजे लागणारे वार २२ टक्क्यांनी घटणं. तोच दहा टक्क्यांचा फरक २५ वरून १५ वर आला तर लागणारे वार ४० टक्क्यांनी घटतात. म्हणून ज्याची एसी आधीच चांगली आहे त्यालाच ती आणखी द्या. विझर्डची (मंत्र टाकणाऱ्या जादूगाराची) एसी १२ ची १३ करायला धडपडू नका. त्याला भिंतीआड उभं करा.

याच घेरावात तुंगानं वार न करता डॉज केला, म्हणजे नुसते वार चुकवले, तर? तिच्यावरच्या प्रत्येक वाराला डिसॲडव्हांटेज. ३५ टक्क्यांचे १२ होतात, आणि चौघांचं मिळून डॅमेज ८.४ वरून पावणेतीनवर येतं. टेबलावर डॉज कुणी घेत नाही, "नुस्तं उभं राहायचं काय बे?" असं म्हणतात. पण मागे रोग आणि विझर्ड मोकळे असतील, गोब्लिन तुंगावरच तुटून पडले असतील, तर डॉज हा त्या राउंडचा सर्वोत्तम पर्याय असतो. एक अट: शत्रूला तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जाता येता कामा नये. गोब्लिनला बोनस ॲक्शनमध्ये डिसएंगेज करता येतं, तो अपॉर्च्युनिटी अटॅक (निसटताना बसणारा वार) न खाता बाजूनं निसटतो आणि थेट विझर्डच्या अंगावर जातो. मोकळ्या मैदानातला डॉज म्हणून वाया जातो. दारात केलेला जात नाही.

जागा

आमच्या टेबलावर नकाशे आलेखाच्या कागदावर काढतात. पूर्व भागातल्या एका खेळाडूच्या घरी चादरीच्या जकार्ड नक्षीचं काम चालायचं. चौकोन भरून भरून नक्षी काढायचे मोठे कागद घरात उरले होते, तेच तो घेऊन येतो. एक चौकोन म्हणजे पाच फूट. ज्या टेबलावर नकाशा नसतो तिथे जागेचा विचार कुणी करत नाही आणि लढाई दोन रांगांची ढकलाढकली होते. घरी असेल तो चौकटीचा कागद घ्या, पण घ्या.

सोलापूरचा भुईकोट किल्ला ज्यांनी फिरून पाहिला आहे त्यांना जागेचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. तटामागे दुसरा तट, बाहेर खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. आत यायचं तर शत्रूला तिथूनच यावं लागतं जिथून तुम्हाला तो यायला हवा आहे. आमचा डीएम अशाच दुहेरी तटाचे दरवाजे काढतो. पाच फुटांच्या दारात ढालवाली फायटर उभी राहिली की एका वेळी फार तर एक-दोन शत्रू तिच्यापर्यंत पोचतात. एकच पोचला तर चार गोब्लिनचं ८.४ डॅमेज तिथे दोनच्या आसपास येतं, तेही कुठलाही स्पेल खर्च न करता. बाकीचे गोब्लिन शॉर्टबो काढतील, हे लक्षात ठेवा. धनुष्यासमोर अर्ध्या आडोशानं एसीला २ मिळतात, पाऊण आडोशानं ५. बाण मारणाऱ्या रोगनं तटाच्या कोपऱ्यामागून डोकावून मारावं, मारून पुन्हा आत जावं. चालण्याचे ३० फूट वाराच्या आधी आणि नंतर वाटून वापरता येतात, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

कुणाला आधी मारायचं

एक एचपी उरलेला ओगर आणि पूर्ण ५९ एचपीचा ओगर सारखाच जोरात मारतो. डॅमेज वाटून देणं म्हणून तोट्याचं. दोन ऑर्क समोर आहेत, प्रत्येकाला १५ एचपी, आणि तुमचा गट राउंडला सरासरी १५ डॅमेज करतो. एकावरच सगळं टाकलं तर दुसऱ्या राउंडला एकच ऑर्क वार करणारा उरतो. दोघांत वाटलं तर दुसऱ्या राउंडलाही दोघं तुमच्यावर कुऱ्हाड चालवतात.

याला अपवाद म्हणजे जो शत्रू या राउंडमध्ये मरणारच नाही तो. ओगर मोठा दिसतो म्हणून सगळे त्याच्यावर धावतात आणि त्याच्या आजूबाजूचे गोब्लिन तीन राउंड निवांत बाण मारत राहतात. आधी जो लवकर पडेल त्याला पाडायचं आणि जो लवकर पडणार नाही त्याला अडकवायचं. अडकवण्याचं काम बहुतेकदा स्पेल करतो.

स्पेल स्लॉट कशावर खर्च करायचा

क्लेरिककडे (देवाच्या बळावर मंत्र टाकणाऱ्याकडे) पहिल्या लेव्हलला दोन स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या दोन संधी, असतात. गायडिंग बोल्ट टाकावा की ब्लेस, हा वाद आमच्याकडे शेंगाचटणी-भाकरी संपेपर्यंत चालतो. हिशेब करून पाहू.

गायडिंग बोल्ट: चार डी६, सरासरी १४. ५५ टक्के शक्यता आणि क्रिटिकल धरून ८.४, शिवाय लागला तर त्याच शत्रूवरच्या पुढच्या एका वाराला ॲडव्हांटेज. ब्लेस: तीन जणांच्या प्रत्येक वाराला आणि सेव्हिंग थ्रोला (संकट टाळायच्या फाशाला) एक डी४, म्हणजे सरासरी २.५. वार लागण्याची शक्यता साडेबारा टक्क्यांनी वाढते. तिघांचा लागलेला वार सरासरी १० डॅमेजचा असेल तर राउंडला पावणेचार जादा डॅमेज. दोन राउंडमध्ये साडेसात, तीनमध्ये सव्वाअकरा. लढाई तिसऱ्या राउंडपर्यंत जाणार असं वाटत असेल तर ब्लेस, दोनच राउंडमध्ये मिटणार असेल तर गायडिंग बोल्ट. आणि ब्लेस टाकायचा तर पहिल्याच टर्नला टाकायचा. तिसऱ्या राउंडला आठवलेल्या ब्लेसला काही अर्थ नाही.

ब्लेसला कॉन्सन्ट्रेशन (मंत्र टिकवायला एकाग्रता) लागतं. मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह, डीसी (गाठायचा आकडा) १० किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मा, जो मोठा असेल तो. सेव्ह हुकला की ब्लेस गेला. म्हणून ब्लेस टाकलेल्या क्लेरिकनं पुढच्या फळीत घुसू नये. अंगात चिलखत असलं की पाय आपोआप पुढे पडतात, आवरा.

बरं करणाऱ्या स्पेलबद्दल माझं मत ठाम आहे. लढाई चालू असताना क्युअर वुंड्स टाकून एचपी भरत बसणं फायद्याचं नाही. त्याचं सरासरी उत्तर साडेसात येतं, आणि ओगरचा एक वार सरासरी १३ चा. स्लॉट राखून ठेवा आणि कुणी ० एचपीवर पडला की हीलिंग वर्ड. तो बोनस ॲक्शनमध्ये होतो, ६० फुटांवरून होतो आणि पडलेल्याला त्याचा टर्न परत देतो. त्याला चार एचपी मिळोत की सात, तो तलवार तेवढ्याच जोरात चालवेल. २०२४ च्या नियमांत या दोन्ही स्पेलचे फासे वाढवले आहेत, त्यामुळे तिथे क्युअर वुंड्सची बाजू थोडी भक्कम झाली आहे.

शत्रूला अडकवणाऱ्या स्पेलसाठी त्याचा कच्चा सेव्ह ओळखायला शिका. आकडे बघायची गरज नाही, वर्णन ऐका. अंगानं दांडगा आणि डोक्यानं मंद असेल तर विझ्डम (शहाणपण). चिलखतात जखडलेला, हळू चालणारा असेल तर डेक्स्टेरिटी (चपळाई). काटकुळा आणि चपळ असेल तर स्ट्रेंग्थ.

एक लढाई जवळून

चौघे, सगळे तिसऱ्या लेव्हलचे: ढालवाली तुंगा, रोग, क्लेरिक, विझर्ड. दरवाजात एक ओगर आणि तीन गोब्लिन. ओगरचा बोनस +६, डॅमेज दोन डी८ अधिक ४. विझर्डचे एचपी १७ धरा. दोन वार लागले की तो आडवा.

पहिला बेत: सगळे ओगरवर. त्याच्या ११ एसीवर तुंगाचे सरासरी ७.३५, रोगचे स्नीक अटॅकचं (संधी साधून केलेल्या वाराचं) जादा डॅमेज धरून १०.६, क्लेरिकच्या गायडिंग बोल्टचे ११.२, विझर्डच्या मॅजिक मिसाइलचे १०.५. बेरीज ४० च्या आत. ५९ एचपीचा ओगर दुसऱ्या राउंडला पडेल, पण तोवर दोन-तीन स्लॉट गेले, त्याचा निदान एक वार बसला आणि तिन्ही गोब्लिन अजून ताजेतवाने.

दुसरा बेत: विझर्ड ओगरवर हिडियस लाफ्टर टाकतो. पहिल्या लेव्हलचा स्पेल, ३० फुटांवरून. इंटेलिजन्स ४ किंवा कमी असेल तर तो चालत नाही. ओगरची ५ आहे, म्हणजे थोडक्यात सापडला. ओगरच्या विझ्डमचा बोनस उणे २. विझर्डचा डीसी १३ असेल तर ओगरला फाशावर १५ किंवा जास्त हवा. ७० टक्के वेळा तो हसत जमिनीवर पडतो, उठता येत नाही, काही करता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: पडलेल्या ओगरला कुणीही हात लावायचा नाही. टेबलावर ओरडा होतो, "पडलाय की, हाण त्याला!" नाही. प्रत्येक टर्नच्या शेवटी त्याला सुटायची ३० टक्के संधी असतेच. वर मार बसला तर लगेच आणखी एक सेव्ह, तोही ॲडव्हांटेजनं, म्हणजे ५१ टक्के. स्वतःच्या तलवारीनं त्याला सोडवू नका. बाकीचे तिघे गोब्लिनकडे वळतात. एकेक गोब्लिन मारण्याची शक्यता: तुंगा ४९ टक्के, रोगला स्नीक अटॅक मिळाला तर ५५, क्लेरिकचा गायडिंग बोल्ट ५४. सरासरी दीड गोब्लिन गेले. तुंगानं इथेच ॲक्शन सर्ज (एक जादा ॲक्शन) वापरला तर दोन. पहिल्या राउंडअखेर उभा आहे तो एक गोब्लिन. पहिल्या बेतात चार प्राणी वार करत होते, इथे एक करतोय.

दुसऱ्या राउंडला तो गोब्लिन आटोपा आणि मग सगळ्यांनी ओगरभोवती जमा. तो आडवा आहे तोवर पाच फुटांच्या आतून केलेल्या वारांना ॲडव्हांटेज, ७५ टक्क्यांचे ९३ च्या वर. रोगनं इथे धनुष्य ठेवून रेपियर काढावी. आडव्या शत्रूवर लांबून मारलेल्या बाणाला डिसॲडव्हांटेज असतो, आणि डिसॲडव्हांटेज असताना स्नीक अटॅक मिळत नाही. पहिला वार सगळ्यात जड हाताचा असू द्या, कारण त्यानंतर तो कधीही उठेल.

आणि ३० टक्के वेळा स्पेल फसला तर? तुंगा दारात उभी आहेच. तिच्या १८ एसीवर ओगरचा वार ४५ टक्के लागतो. विझर्डच्या १२ वर तोच ७५ टक्के लागला असता. पुढच्या टर्नला दुसरा स्लॉट. शक्यता पुन्हा ७० टक्के.

पॉवर अटॅक घ्यायचा की नाही

मोफत नियमांत नसलेली ती फीट म्हणजे ग्रेट वेपन मास्टर. जड शस्त्राच्या वारातून ५ वजा करायचे आणि लागला तर डॅमेजमध्ये १० मिळवायचे. कधी वापरायची याचं उत्तर एका ओळीत निघतं: आपल्या लागलेल्या वाराच्या सरासरीत १० मिळवा, ४० नं भागा. वार लागण्याची तुमची नेहमीची शक्यता त्याहून जास्त असेल तर वापरा. पाचव्या लेव्हलच्या ग्रेटसोर्डवाल्या फायटरची सरासरी १२.३३, म्हणजे २२.३३ भागिले ४०, जवळपास ५६ टक्के. +७ बोनसवर एसी १६ पर्यंत वापरा, १७ पासून सोडा. ओगरवर वापरलात तर वाराचं सरासरी डॅमेज १०.९ वरून १३.८ वर जातं, एसी १८ च्या हॉबगोब्लिनवर ६.६ वरून ६ वर घसरतं. हॉबगोब्लिनला एचपी ११ च असतात, तिथे जादा १० ला तसाही उपयोग नाही. २०२४ मध्ये ही वजाबाकी काढून टाकली आणि लागलेल्या वारावर प्रोफिशियन्सी बोनसएवढं डॅमेज दिलं, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उरत नाही.

टेबलावर हे सगळं करायचं कधी

आपल्या टर्नला नाही. आपल्या आधीचा खेळाडू फासा उचलतो तेव्हा तुमचा निर्णय झालेला हवा. घरी बसून टक्केवारीची एक चिठ्ठी करा: एसी ११ ते १८, प्रत्येकीपुढे तुमची शक्यता. आठ ओळींची चिठ्ठी शीटला टाचून ठेवली की टेबलावर भागाकार करावा लागत नाही. गणित कॅरेक्टरच्या तोंडी घालू नका. "याची विझ्डम उणे दोन असणार" असं म्हणण्यापेक्षा "हा मठ्ठ दिसतोय, याला हसवतो" असं म्हणा. निर्णय तोच राहतो आणि गोष्टही तुटत नाही. कॅरेक्टरचा स्वभाव गणिताच्या आड आला तर स्वभाव जिंकू द्यावा. भावाला पाडणाऱ्या गोब्लिनवर तुंगा धावून गेली तर दाराचं गणित चुलीत गेलं तरी चालेल.

शेवटी माघार. ती आधी ठरवून ठेवा, कारण ऐनवेळी ठरवली तर उशीर झालेला असतो. माणसाची चाल ३० फूट, गोब्लिनचीही ३०, ओगरची ४०. मोकळ्या रानात ओगरपासून पळून सुटता येत नाही. म्हणून नियम करा: विझर्डकडे शेवटचा एक स्लॉट उरला आणि दोघांचे एचपी निम्म्याखाली असले की त्याच राउंडला निघायचं. तो स्लॉट ओगरला खाली पाडण्यासाठी. तो पडला की क्लेरिक आणि रोगनं आधी बाहेर पडायचं, विझर्डनं त्यांच्या मागोमाग, पण नजर ओगरवर ठेवून, आणि तुंगानं डॉज घेत दार सगळ्यात शेवटी सोडायचं.